लग्नातले कपडे कपाटात कुजवू नका

ऑक्टोबरचं ऊन पडलं की आमच्याकडे सिंधुदुर्गात घरोघरी एकच काम सुरू होतं, चार महिने बंद असलेली कपाटं उघडायची. उघडल्यावर जो कुबट वास येतो तो कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको. रोजच्या कपड्यांचं काही नाही, धुऊन दोरीवर टाकले की झालं. प्रश्न असतो तो लग्नामुंजीतल्या कपड्यांचा. शालू, पैठणी, रिसेप्शनचा घागरा, नवऱ्याचा ब्लेझर, दिराची शेरवानी, सासऱ्यांचा रेशमी कद, हे सगळं दरवर्षी बाहेर यायचं, आम्ही जावा त्यावरून हात फिरवायचो, याचं काय करूया गं असं एकमेकींना विचारायचो आणि डांबराच्या गोळ्या घालून परत आत ठेवून द्यायचो. यंदा म्हटलं बास, एकेक कपडा हातात घेऊन ठरवायचंच, आणि ठरल्याशिवाय परत कपाटात काही जाणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. आपल्याकडे कपडा नुसता ठेवून तो टिकत नाही. घाटावर, तिकडे नगर-सोलापूरकडे, कोरड्या हवेत शालू ट्रंकेत पडून राहिला तरी नातीच्या लग्नापर्यंत बऱ्यापैकी राहतो. इथे नाही राहत. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता 85-90 टक्के, आणि बुरशीला वाढायला 65-70 टक्के सुद्धा पुरते, त्यात समुद्राचा खारा वारा. म्हणजे आपण कपाटाला कुलूप लावतो तेव्हा कपडा जपला असं वाटतं पण आत कुजण्याचं काम चालूच असतं. त्यामुळे आपण ठरवलं नाही तर हवा ठरवते, आणि ती एकदा ठरवून बसली की मग कुणाला द्यायचीही सोय राहत नाही.

सासूबाईंचा शालू हे त्याचं उदाहरण. लांबून बघितला तर अजून काय सुंदर दिसतो, डाळिंबी रंग, अंगभर बुट्टे. पण उलगडायला घेतला तर घडीच्या रेघेवर रेशीम चिरलेलं, जिथे जिथे घडी तिथे तिथे सरळ रेघेत फाटलेलं, आणि काठ काळपट, मधे मधे हिरवट झालेला. हे का होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे कारण बऱ्याच जणी कसरीला दोष देऊन गप्प बसतात. खरी जरी म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते आणि दमट हवेत लवकर पडते. टेस्टेड जरीमधे आत तांब्याची तार असते, वर चांदीचा थर, तो थर झिजला आणि खारी हवा तांब्याला लागली की हिरवं येतं. रेशमाचं वेगळंच, ते प्रथिन आहे, आपल्या केसांसारखं, घामाचे डाग न काढता ठेवलं की तिथे कमकुवत होतं आणि एकाच घडीवर वर्षानुवर्षं दाबून राहिलं की त्या रेघेवरचे धागे तुटतात. म्हणून घडी बदलत राहा असं जुन्या बायका सांगायच्या.

सासूबाई ओसरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "बापाशीन बेळगावाक जावन हाडलेलो तो." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं आई, हा आता नेसता येणार नाही, पण पदर चांगला आहे, काठही वीतभर सोडला तर एका बाजूचा चांगला निघेल, मी तो काढून नव्या कापडावर लावून घेऊ का. मला वाटलेलं नाहीच म्हणतील. त्या म्हणाल्या, "कापूचा तर काप, पण माझ्या समोर काप." आणि कात्री चालवायच्या आधी त्यांनी तो एकदा पुरता अंगावर घेतला, खांद्यावरून पदर सोडून. त्यांना तो कपाटात आहे एवढंच माहीत असण्यापेक्षा नातीच्या अंगावर बघायला जास्त आवडणार हे त्या दिवशी मला पक्कं कळलं.

तर पहिली गोष्ट, कपडा कशाचा आहे ते ओळखा. आठवणी, किंमत, कुणी दिला वगैरे सगळं नंतर. कडेचा एखादा धागा काढून जाळून बघा. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राख उरते ती बोटाने चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. ताटलीत करा, हातात धरून नको. आमच्या दोन्ही कपाटांतलं सगळं असं बघितलं तर खरं रेशीम अगदी थोडं निघालं, जुन्या पिढीचं. अलीकडच्या लग्नातल्या साड्या दिसायला भरजरी पण बहुतेक पॉलिएस्टर नाहीतर आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम, जरी म्हणजे चकचकीत प्लॅस्टिकची पट्टी. यात कमीपणा काही नाही, उलट आपल्या हवेत त्या जास्त टिकतात. पण दोघींची वाट वेगळी आहे, आणि सगळं एकाच गठ्ठ्यात बांधलं की दोन्ही वाया जातात.

खऱ्या रेशमाचं आधी सांगते. धड असेल तर नेसा. एवढंच. मुंज, बारसं, वास्तुशांत, सत्यनारायण, घरचा गणपती, आपल्याकडे निमित्तांना काय तोटा आहे, तरी आपण त्या दिवशी नवी साडी घेतो आणि चांगली तशीच ठेवतो. माझ्या आईची पैठणी येवल्याची, मी यंदा गौरीला नेसले, आता दरवर्षी नेसणार. नेसून झाली की सावलीत वारा लागेल अशी पसरायची, उन्हात नाही कारण उन्हाने रेशीम पिवळं पडतं. मग धुतलेल्या जुन्या सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळायची. ड्रायक्लीनवाला देतो त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका, आत ओल कोंडून राहते. हँगरला जड जरीची साडी लटकवायची नाही, वजनाने घडीवरच फाटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत, ठेवायच्याच असतील तर वेगळ्या कोपऱ्यात कापडात बांधून, नाहीतर वेखंड आणि कडुलिंबाची वाळलेली पानं पुरतात. स्टीलच्या कपाटाला आतून गंज आला असेल तर आधी कागद आणि त्यावर कापड घाला, गंजाचा डाग रेशमावरून निघत नाही.

धड नसेल तर कापा, आणि लवकर कापा. सहावारी साडीत साडेपाच मीटर कापड असतं, नऊवारी तर आठ मीटरच्या वर, त्यातलं निम्मं गेलं तरी छोट्या मुलीचं परकर-पोलकं आरामात निघतं. काठ आणि पदर नव्या सिल्कवर बसवून देणारे टेलर सावंतवाडी-कुडाळकडे आहेत, फक्त त्यांना सांगायचं की मागून पातळ मलमलीचं अस्तर लावून मगच शिव, नाहीतर जुनं रेशीम शिलाईच्या सुईनेच फाटतं. आमच्याकडे शालूचा पदर आता पुतणीच्या ओढणीला लागलाय आणि काठाचा एक तुकडा ब्लाउजच्या बाह्यांना. उरलेल्या तुकड्यांची गोधडी मात्र करू नका, आजीच्या सुती नऊवारीची वाकळ होते तशी रेशमाची होत नाही, ते सरकतं आणि टाके धरत नाही. त्यातून देवाच्या पाटावरचं आसन, पोथीचं बासन असं काहीतरी करा.

जरी विकण्याबद्दल बरेच जण विचारतात. जुनी जरी वजनावर घेणारे असतात, ते काठ जाळून चांदी काढतात. भांडीवाली दारात येते ती सुद्धा आधी जुन्या जरीची साडी आहे का तेच विचारते. काठ पूर्ण काळा पडला असेल, साडीचा चुरा झाला असेल तर द्यायला हरकत नाही, पण सोनाराकडून जरी खरी आहे का तपासून घ्या, आणि भांड्यावर देऊ नका. धड काठ असताना तो जाळायला देणं मला पटत नाही. कुणीतरी हातमागावर बसून महिने घालवलेत त्यावर, आणि काठ दुसऱ्या कापडावर बसू शकतो.

आता दुसरा गठ्ठा, चकचकीत पॉलिएस्टरचा. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला कारण घरोघरी हाच मोठा आहे आणि तो कुजतही नाही, पिढ्यानपिढ्या जागा अडवून बसतो. याचं उत्तर मला दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात मिळालं. आमच्या शेजारवाडीतला एक मुलगा दशावतारी मंडळात स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांच्या भूमिका करतो, त्याच्या आईशी बोलताना विषय निघाला. मी आपली म्हटलं, आमच्याकडे एक जुनी खऱ्या रेशमाची साडी आहे थोडी विरलेली, देऊ का त्याला. ती म्हणाली, "गो, ती एका रातीत फाटतली, तुमची रिसेप्शनातली दे." आणि मग तिने सांगितलं ते ऐकून मला फार बरं वाटलं. तुळशीच्या लग्नापासून जत्रा सुरू झाल्या की मे महिन्यापर्यंत जवळपास रोज कुठे ना कुठे प्रयोग, रात्रभर नाटक, अंगाला घाम, युद्धाचा प्रवेश असला की उड्या आणि गिरक्या, पहाटे कपडे पेटाऱ्यात भरायचे आणि गाडी पुढच्या गावाला. धुवायला आणि वाळवायला वेळ एवढाच. तिथे रेशीम चालत नाही. तिथे लागतं ते लाइटमधे लांबून चमकणारं, ओढाताण सोसणारं, बादलीत बुचकळून दुपारपर्यंत सुकणारं. म्हणजे आपण ज्याला खोटी साडी म्हणून नाक मुरडतो तीच द्रौपदीला आणि तारामतीला लागते. शिवाय बरेच कलाकार आपले कपडे स्वतःच्या पैशाने करतात, एका प्रयोगाचं मानधन किती असतं ते माहीत असलेल्यांना याचा अर्थ कळेल.

माझा स्वतःचा रिसेप्शनचा घागरा त्यांना दिला. भरपूर घेर, टिकल्या, आत कॅनकॅनचं जाळीदार अस्तर. त्यांनी कॅनकॅन काढून टाकलं, घेर उसवला आणि त्यातून राजपार्टीचा, म्हणजे राजाच्या भूमिकेचा अंगरखा शिवला. घागऱ्याचा अंगरखा होईल असं मला सुचलं नसतं. धाकट्या जावेचा शालू साडी म्हणूनच राहिला. दिराची शेरवानी तशीच्या तशी गेली, फक्त बाह्यांना रुंद पट्टी लावली. रत्नागिरीकडे असाल तर नमन-खेळे आणि जाखडी या लोककला करणाऱ्यांनाही विचारा, आणि शाळेच्या गॅदरिंगला तर हे कपडे कायम लागतात, बाई भाड्याने आणायला सांगतात आणि पालकांच्या खिशाला चाट.

ब्लेझरचं वेगळं आहे. आपल्याकडे लग्नात नवऱ्यामुलाला ब्लेझर घालायची फॅशन आली, मे महिन्यात, बंदिस्त हॉलमधे, बिचारे घामाघूम. स्वस्तातल्या ब्लेझरला आत कडकपणासाठी जे अस्तर असतं ते शिवलेलं नसतं, गोंदाने इस्त्रीखाली चिकटवलेलं असतं. आपल्या दमट हवेत ठेवून ठेवून तो गोंद सुटतो आणि छातीवर बुडबुडे आल्यासारखं दिसतं. एकदा ते झालं की दुरुस्ती नाही. म्हणून ब्लेझर हा सगळ्यात आधी द्यायचा कपडा, पहिल्या दुसऱ्या वर्षातच. गावात हॉटेल मॅनेजमेंट करणारी मुलं आहेत, शिपवर जायला इंटरव्ह्यू देणारी मुलं आहेत, त्यांना एका दिवसासाठी चार-पाच हजार घालवावे लागतात. आमचा ब्लेझर अशाच एका मुलाने नेला, खांद्यात बरोबर बसला, खांदा बसला तर बाकी टेलर करतो, खांदा मात्र बदलत नाही हे लक्षात ठेवा.

मालवणला माझी एक ख्रिश्चन मैत्रीण आहे, तिच्या घरची पद्धत मला फार आवडली. तिच्या लग्नाचा पांढरा गाऊन तिने थोडे महिनेच ठेवला. पांढरं सॅटिन इथे पिवळं पडतंच, आणि लेसवर बुरशीचे ठिपके आले की जात नाहीत. तिने मुलगी झाल्यावर गाऊनच्या मागच्या लांब घेरातून बाप्तिस्म्याचा झगा शिवून घेतला, आणि उरलेलं कापड निळ्या कागदात गुंडाळून ठेवलंय, मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकसाठी. निळा कागद पांढऱ्याला पिवळं पडू देत नाही असं तिची आजी सांगायची. आमच्याकडे लग्नाचा कपडा कापणं अशुभ मानणाऱ्या बायका आहेत, मी त्यांना हे उदाहरण देते, त्याच घरातल्या बाळाच्या अंगावर जातो त्यात अशुभ काय आलं.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. माझं माहेर चिपळूणचं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं, आमच्या घरातही तळमजला पूर्ण गेला. नंतर राज्यभरातून मदत आली, लोकांनी जीव तोडून केलं, ते मी कधी विसरणार नाही. पण कपड्यांचे जे ढीग आले त्यात भरजरी साड्या, विटलेले शेरवानी-कुर्ते, चेन तुटलेले घागरे होते. घरात गुडघाभर चिखल असलेल्या बाईला त्या वेळी घरात घालायचा साधा गाऊन हवा असतो, परकर, आतले कपडे, टॉवेल, कोरडी चादर हवी असते. त्या जड साड्या भिजल्या की उचलवत नव्हत्या आणि शेवटी चिखलाबरोबर त्याही काढायला लागल्या. संकटाच्या वेळी आपलं कपाट रिकामं करू नका. समारंभाचा कपडा ज्याच्याकडे समारंभ आहे त्याला द्या, धुऊन, इस्त्री करून, हुक लावून, आणि आधी विचारून. वर्षभर कपडे गोळा करून नीट निवडणाऱ्या संस्था आहेत, गूंज त्यातली मोठी, 1999 पासून काम करते, तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना 2015 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथेही पाठवताना काय घेतात ते बघून पाठवा.

आणि देऊन टाकायचं नसेल तर फिरतं ठेवा. आमच्या वाडीत आता आम्ही चार घरांनी हे सुरू केलंय. चांगल्या साड्या आणि एक घागरा कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत, ज्या घरात लग्न असेल तिथल्या पोरी येऊन घेऊन जातात, एका वहीत लिहून ठेवतो. साडीचं बरं असतं, ती कुणालाही होते. अडतं ते ब्लाउजशी. त्यावर आमच्या शिवणवाल्या ताईंनी उपाय काढला, दोन्ही बाजूंना शिलाईत दोन-दोन इंच कापड ठेवायचं आणि पाठीला हुकाऐवजी बंद, मग बारीक पोरीला पण होतो आणि बाळंत होऊन उठलेल्या बाईला पण. परत येताना साडी ड्रायक्लीन करून नाही तर नुसती वाऱ्यावर टाकून येते, घामाचा डाग असेल तर सांगायचा, लपवायचा नाही, एवढाच नियम. लग्नाच्या सीझनमधे त्या साड्या कपाटात क्वचितच असतात आणि म्हणूनच त्यांना वास येत नाही.

सासऱ्यांच्या कदाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. रेशमी, जाड, लाल काठाचा, ते पूजेला नेसायचे. मोठे दीर म्हणतात गणपतीला मी नेसतो, नवरा म्हणतो मग नेसाच, नुसतं म्हणू नका. तोपर्यंत तो धोतरात गुंडाळून वरच्या कप्प्यात आहे, दिवाळीच्या पाडव्यापर्यंतची मुदत दोघांना दिलीय.

ज्यांना दशावतारी मंडळांना कपडे द्यायचे असतील त्यांनी हे आत्ता ऑक्टोबरातच करा. तुळशीची लग्नं झाली की जत्रा सुरू, मग त्यांना उसवायला-शिवायला वेळ मिळत नाही. साडीला फॉल-पिको असेल तर काढू नका, फॉलमुळे साडी जड पडते आणि गिरकी घेताना नीट राहते. जुना ब्लाउजही बरोबर द्या, कितीही घट्ट असला तरी द्या, त्याच रंगाचं कापड मिळत नाही म्हणून ते लोक बाह्यांना आणि पट्ट्यांना तो वापरतात.